एडनला गेलेलं घिरट

मुळशीकडच्या माले गावात येऊन कुणी शेडग्यांचं घर विचारलं, तर लोक उलट विचारत, "एडनवाल्यांचं का?" आणि तुळजाबाईंना ते ऐकायला फार बरं वाटे. गावात कुणाचं दुकान पौडात होतं, एकाची वखार पुण्यात भवानी पेठेत होती. पण समुद्रापलीकडे पाटी लावून बसलेलं घर हे एकच. एडन नेमकं कुठं आहे ते तुळजाबाईंना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची गरजही त्यांना कधी वाटली नाही. ताम्हिणीचा घाट उतरला की कोकण, कोकण संपलं की पाणी, पाणी संपलं की आपलं दुकान. एवढा भूगोल त्यांना पुरे होता.

दुकान घातलं त्यांच्या मालकांनी, कोंडिबांनी. पलटणीला धान्य पुरवणाऱ्या एका ठेकेदाराचा हात धरून ते तरुणपणी तिकडे गेले. तिथले मराठी कारकून आणि बोटीवरचे कोकणी खलाशी आंबेमोहोराच्या नुसत्या नावानं हळवे होतात, हे बघून दोन खणांची जागा घेऊन बसले. पुढं लढाई आली, कंट्रोल आलं, तांदूळ बंद झाला. दुकान मसाल्यावर आणि पापडांवर कसंबसं तगलं. कोंडिबा गेले. मग कंट्रोल उठलं, परवाना मिळाला, तांदूळ पुन्हा बोटीवर चढला, आणि तुळजाबाईंनी धाकट्याला, भिवाजीला, बापाच्या गादीवर बसायला धाडलं.

तेव्हापासून दुकान कमवत नव्हतं, नुसतं खात होतं.

थोरला हैबतराव घरचा कारभार बघायचा. माणूस सरळ, पण डोकं असं की एकदा एक गोष्ट आत शिरली की ती बाहेर काढायला पहार लागायची. त्याच्या डोक्यात विहिरीवरचं तेलाचं इंजिन शिरलं होतं. दुकान मोडायचं, जागा कुणाला तरी द्यायची, आणि आलेल्या पैशात इंजिन बसवून उन्हाळी पिकं घ्यायची.

"आये, हितं पिकवायचं आन् तितं बुडवायचं, ह्यो कुटला धंदा?" तो उठता-बसता म्हणे. "येत्या संक्रांतीला गाड्या भरायच्या आदी काय त्ये ठरव. भिवालाच बोलावलंय मी. समोरासमोर होऊ दे."

ठरवायचं तुळजाबाईंनीच होतं. घरात शब्द त्यांचा चाले. आणि खरं सांगायचं, तर 'बंद' हा शब्द त्यांच्या ओठावर येऊन बसला होता. धंद्यासाठी नव्हे. वय झालं होतं. उजवा खांदा वर उचलत नव्हता. दोन्ही लेक एका पंगतीला बसलेले बघून जेवावं, एवढीच आता हौस उरली होती. एक शब्द टाकला की भिवा कायमचा घरी. पण तो शब्द टाकला की मालकांचं दुकानही गेलं, आणि माल्यातलं कुणी पुन्हा 'एडनवाले' म्हणणार नव्हतं. म्हणून तो शब्द त्या रोज सकाळी तोंडात घेत आणि रोज संध्याकाळी गिळत.

भिवाजी पौषात आला. पौडापर्यंत एस.टी., पुढं गाडी. रंगानं आणखी काळा झालेला, अंगानं उतरलेला, हातात खजुराची करंडी. तुळजाबाईंनी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पहिलाच आहेर दिला.

"काय रं, त्या गावात आरसा न्हाई व्हय? काय अवतार केलायस!"

"आरसा हाय, आये. त्यात बगायला येळ न्हाई."

"येळ न्हाई? गिऱ्हाईक तर येत न्हाई म्हणं तुज्याकडं!"

भिवा हसला, पण हसू लगेच मावळलं. तुळजाबाईंनी जीभ चावली. त्यांची जीभ नेहमी पुढं धावायची आणि मन मागून धापा टाकत यायचं.

थोरल्या सुनेनं, सगुणानं, पानं वाढली. भात घरचा, ओला नारळ घातलेली वालाची आमटी, वर तूप. भिवानं पहिला घास उचललाच नाही. पानावर वाकून बसून राहिला. डोळे मिटलेले.

"काय झालं? आळी दिसली का?" तुळजाबाईंनी विचारलं.

"न्हाई, आये. वास घेतोय. ह्यो वास इसरलोच व्हतो मी."

"इसरलास? आन् दुकानात पोती रचून काय ठेवलंयस मग?"

"त्याला वास न्हाई येत."

सगुणाच्या हातातली पळी तशीच राहिली. आंबेमोहोराला वास येत नाही म्हणजे काय? शेडग्यांच्या भाताचं पातेलं उघडलं की वेशीवरच्या माणसाला कळायचं, आज कुणाकडं पाहुणा आला.

"तोंड सांबाळून बोल," तुळजाबाई म्हणाल्या. "माज्या खाचरातल्या भाताला वास न्हाई?"

"मी कुटं म्हणतोय तुज्या खाचराचं? तितं पोचतो त्याला न्हाई, एवडंच. पयल्यांदा लोकांनी हौसंनं नेला. मग म्हणाय लागले, भिवाजीशेट, नाव आंबेमोहोर आन् चव रंगूनच्या तांदळाची. मग रंगूनचाच सस्तातला का न घ्यावा?"

"ह्येच," हैबतराव मांडीवर थाप मारून म्हणाला. "ह्येच मी म्हणतोय! समुद्राची खारी हवा. ती तांदळाचा जीव घेती. समुद्राला काय आपण कनात लावणार हावोत? दुकान मोडा."

"दादा म्हणत्यात त्ये बराबर हाय," भिवा खाली मान घालून म्हणाला.

फार पटकन म्हणाला. तुळजाबाईंच्या ते लक्षात आलं. लहानपणी त्याचा भोवरा हैबतीनं घेतला, तेव्हाही तो असाच, इतक्याच पटकन 'घे' म्हणाला होता, आणि मग गोठ्यात जाऊन रडत बसला होता.

दुपारी ओसरीवर सुपारी कातरत त्यांनी विषय काढला. आत माजघरात धाकटी सून, रत्ना, भात भरडत होती. घिरटाची घरघर एका लयीत बाहेर येत होती. हे घिरट जात्यासारखंच, पण दोन्ही तळ्या लाकडाच्या, म्हणून भाताचं तूस तेवढं सुटतं आणि दाणा शाबूत राहतो. शेडग्यांच्या घराची रीत ठरलेली: भात कणगीत तुसासकट ठेवायचं, आठवड्यापुरतंच काढायचं, घिरटावर भरडायचं, उखळात दोन हात सडायचं. जादा तांदूळ करून ठेवला की तुळजाबाई म्हणायच्या, "कुणाच्या तेराव्याला जेवाण हाय?"

"दुकान कसं हाय रं?" त्यांनी भिवाला विचारलं. "मोडायचंच हाय, तर मोडायच्या आदी सांग तरी. मी काय बगाय जानार हाय?"

भिवा आधी आढेवेढे घेत बोलू लागला, मग खुलला. समोर काळा कातळ, एक झाड नाही. पाणी विकत घ्यावं लागतं. शेजारी एक अरब म्हातारा कॉफीचं दुकान चालवतो. भाषा कळत नाही, तरी रोज संध्याकाळी आपल्या फळीवर येऊन बसतो आणि दोघं मिळून रस्ता बघतात. आणि शेरडं! गल्लीत माणसांपेक्षा शेरडंच जास्त. गवताची काडी मिळत नाही म्हणून कागद खातात, खोके खातात. "बाच्या हातची पाटी हाय ना, तिचा एक कोपरा खाल्ला त्यांनी. मी आता वर टांगलीया. बोट लागली का खलाशी येत्यात, फळीवर बसत्यात, म्हणत्यात, शेट, घरच्यासारकी पेज मिळंल का? मी देतो बी करून. पैसं घेत न्हाई कदी कदी..."

"कदी कदी!" हैबतराव म्हणाला. "घ्या, आये! ह्येच त्ये नुकसान!"

तुळजाबाईंचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं. त्या भिवाचं तोंड बघत होत्या. सकाळी काळवंडलेलं तोंड आता असं दिसत होतं, जसं नव्या नवरीनं माहेरचं सांगावं. हा पोरगा दुकान मोडायला आलेला नाही, त्यांनी ओळखलं. हा थोरल्या भावाला भोवरा द्यायला आलाय.

आणि तेवढ्यात त्यांना दुसरी गोष्ट ऐकू आली. म्हणजे ऐकू यायची थांबली. आतलं घिरट बंद पडलं होतं. भिवानं दुकानाचं सांगायला तोंड उघडलं, तेव्हापासूनच बहुतेक.

"रत्ने!" त्या ओरडल्या. "घिरटाला झोप लागली का?"

घरघर पुन्हा सुरू झाली. तुळजाबाई मात्र अडकित्ता हातात धरून तशाच बसल्या. घिरट. त्यांनी आत बघितलं, मग कणगीकडं बघितलं, मग भिवाकडं.

"भिवा, त्या दुकानातला तांदूळ आणलायस का थोडा?"

"आणलाय की. दादास्नी दाखवाया पुरचुंडी आणलीया."

"आण हिकडं. सगुणे, दोन चुली पेटव."

संध्याकाळी दोन पातेली शेजारी शेजारी शिजली. एकात रत्नानं दुपारी भरडलेला, दुसऱ्यात पुरचुंडीतला. पुरचुंडीतला दिसायला काय देखणा! मोगऱ्याच्या कळीसारखा पांढरा, एक कणी नाही. घरचा त्याच्यापुढं मळकट दिसत होता. पण झाकणं उघडली आणि एका पातेल्यानं घर भरून गेलं. दुसऱ्यानं नुसती वाफ दिली.

"ह्यो कुटं सडला?" तुळजाबाईंनी विचारलं.

हैबतराव म्हणाला, "पुण्याला. गिरणीत. बोटीचा समदा माल आपण गिरणीतच न्हेतो. तितं पांढराशिप्पत करून देत्यात, आन् पोती भरून म्हैना-म्हैना वखारीत, मग मुंबईत, मग बोटीत..."

"आन् आपल्या घरातला का नेत न्हाईस गिरणीत?"

"तू नेऊ देत न्हाईस म्हणून! तूच म्हणाली व्हतीस, घरच्या तोंडाला गिरणीचा तांदूळ लागायचा न्हाई, आन् बोटीचा गिरणीतच जाऊ दे, एवडं भरडून सुनांच्या हाताला फोड येत्याल."

हे खरं होतं. ओसरीवरच म्हणाल्या होत्या, सगळ्यांसमोर. घराची रीत घराला, बोटीचा माल गिरणीला, आणि ह्यात काही वावगं आहे असं घरातल्या एकाही माणसाला तेव्हा वाटलं नव्हतं. परक्याला पांढरा, झगझगीत माल धाडतोय, ह्याचा उलट अभिमानच होता.

"म्हणाले आसंन मी," तुळजाबाई म्हणाल्या. "पर तू ऐकलंस कशाला? बाकी माजं कदी काय ऐकतोस?"

भिवाला हसू आवरेना. सगुणा पदर तोंडाला लावून चुलीकडं वळली.

"भाताच्या अंगावर तूस हाय तवर वास आत ऱ्हातो," त्या पुढं म्हणाल्या. "लुगडं फेडून उघडं वाऱ्यावर बशिवलं का ऱ्हाईल काय? तुमी त्याला उघडं करता, वर घासून घासून साल काढता, आन् मग समुद्राला नावं ठेवता. समुद्रानं काय केलंय तुमचं! तांदूळ न्हाई धाडायचा. भात धाडायचं. तुसासकट, कणगीतनं काडलं तसं. आन् तितं भरडायचं, दर आठवड्याला, लागंल तेवडं."

हैबतरावानं कपाळाला हात लावला. "आये, भाडं पडतं बोटीला! तुसाचं वजन मुंबईवरनं न्यायचं? आन् भरडल्यावर त्या तुसाचं, त्या कोंड्याचं काय करायचं?"

"दादा," भिवा हळूच म्हणाला, "तितं शेरडं पाटी खात्यात."

 हैबतराव इंजिनाचा माणूस असला तरी जातिवंत कुणबी होता. उपाशी जनावर आणि कोंडा ह्या दोन गोष्टी एका ठिकाणी आल्यावर काय होतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. बराच वेळ त्यानं काडीनं दात कोरले.

"इकत घेत्याल?" शेवटी त्यानं विचारलं.

"पाणी इकत घेत्यात लोक तितं. कोंडा घेणार न्हाईत?"

"हं," हैबतराव म्हणाला. त्याच्या 'हं'मध्ये इंजिन एक वर्ष पुढं सरकलेलं सगळ्यांना ऐकू आलं. "पर भरडणार कोण? भिवा? ह्येच्या हातनं निम्म्या कण्या व्हत्याल. गडी ठेवला तर त्यो जोरात फिरवून भुगा करंल. घिरटाला हात लागतो, हात."

 कुणीच आतल्या दाराकडं बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. घरात घिरटाचा हात एकच होता. तुळजाबाईंचा खांदा गेल्यापासून सगळं घर रत्नाच्या हातचं खात होतं. तो हात तुळजाबाईंनी स्वतः घडवला होता. लग्न होऊन आली तेव्हा पोरीला सूप धरता येत नव्हतं. पहिली दोन वर्षं त्यांनी तिला बोलून बोलून हैराण केली. वरची तळी घट्ट दाबू नकोस, नुसती फिरू दे, भातालाच ठरवू दे. आता डोळे मिटून भरडायची. आणि तुळजाबाईंच्या खांद्याला तेल लावायची तीच. त्यांच्या बोलण्यातला राग किती आणि माया किती, हे चाळणीनं चाळून घ्यावं तसं घेणारीही तीच.

दुकान ठेवायचं म्हणजे लेक तर जाणारच होता. वर ही पण.

तुळजाबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. पुन्हा आत सारलं. 'बंद' म्हटलं असतं तर अजूनही चाललं असतं. कुणी एक शब्द बोललं नसतं. भिवा मान हलवून 'बराबर हाय' म्हणाला असता आणि जन्मभर ह्या ओसरीवर बसून समुद्राकडच्या बाजूला बघत राहिला असता.

"रत्ने, भाईर ये."

रत्ना दारात येऊन उभी राहिली. हाताला कोंडा, कपाळावर कोंडा.

"जाशील का ह्येच्या संगं? तितं झाड न्हाई, पाणी न्हाई, शेजारी अरब हाय आन् गल्लीत शेरडं. आत्ताच सांग. बोटीत बसल्यावर रडलीस तर बोट वळत न्हाई."

"आये!" हैबतराव म्हणाला. "घरची बाई समुद्रापल्याड? लोक काय म्हनत्याल?"

"म्हनत्याल, शेडग्यांची सून बोटीत बसली. म्हणू दे की. तेवडंच त्यांच्या तोंडाला काम." मग रत्नाकडं वळून, "बोल की गं! जीभ बी भरडलीस का काय?"

रत्नानं एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा जमिनीकडं. मग हळूच विचारलं, "आत्याबाई, घिरट कंचं न्यायचं? नवं, का आपलं?"

 म्हणजे पोरगी दुपारपासून मनात बांधाबांध करून बसली होती तर! आणि घिरट थांबवून ऐकत होती ते उगाच नव्हतं. रागवावं की हसावं, तुळजाबाईंना ठरवता येईना. म्हणून त्या रागावल्या.

"नवं? नवं बोटीवर न्हेऊन काय करशील? त्याला हाताची वळख व्हायला वरीस जातं! आपलं ने."

"पर त्ये तुमच्या म्हायेरचं..."

"मला ठावं हाय कुणाच्या म्हायेरचं त्ये!"

ते घिरट त्यांच्या आईचं. मुळशीच्या धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा माहेरच्यांनी गाड्या भरल्या. कुणी देव घेतले, कुणी दाराच्या चौकटी काढल्या, आणि त्यांच्या आईनं हे घिरट लेकीच्या घरी आणून टाकलं. ते गाव आता पाण्याखाली होतं. त्याविषयी तुळजाबाई कधी बोलत नसत. एकदा पाण्यातून वाचलेलं लाकूड पाण्यावरून जायला भिणार नाही, एवढं मात्र त्या त्या संध्याकाळी म्हणाल्या, आणि सगळ्यांना जेवायला बसवलं. घरच्या पातेल्यातला भात सगळ्यांनी खाल्ला. गिरणीचा बैलांना घातला.

संक्रांतीनंतर गाड्या भरल्या. ह्या वेळी पोती फुगीर आणि खरखरीत होती. सगळ्यात वर घोंगडीत गुंडाळलेलं घिरट आणि त्याला टेकून रत्ना. वेशीपर्यंत तुळजाबाई सूचना करत गेल्या. पाणी जपून वापर, पर भाताला कमी घालू नकोस. त्या अरबाला फुकट जेवायची सवय लावू नका. दिलंत तर कोंडा घालून द्या, म्हंजी पुन्हा मागायचा न्हाई! गाडी वळणापलीकडं गेली. तशा त्या माघारी फिरल्या आणि सगुणावर उखडल्या, दारात सडा नीट पडला नाही म्हणून.

त्या वर्षी शेडग्यांच्या घरी कण्या फार झाल्या. सगुणाचा हात जड, आणि नवं घिरट तिच्याहून अडेलतट्टू. तुळजाबाई शेजारी पाट मांडून बसत आणि पहिल्यापासून सुरुवात करत. "दाबू नकोस गं! भाताला ठरवू दे." सगुणा म्हणे, "भात काय ठरवतंय, आत्याबाई, तुमीच ठरवताय!" आणि दोघी हसत. खांद्याला तेल आता सगुणा लावायची. जोर जास्त लावायची. खांद्याला ते मानवलं, हे तुळजाबाईंनी तिला सांगितलं नाही.

भादव्यात ताम्हिणीकडच्या एका वाडीतला गेणबा नावाचा माणूस घरी जाता जाता ओसरीला टेकला. बोटीवर कोळसा मारायचा. खांद्यावर भिवानं दिलेली खजुराची करंडी.

"ठीक हायेत का समदी?" हैबतरावानं विचारलं.

"ठीक? दुकानापुढं बसायला जागा मिळंना! शेट काय मोठं गबर झाले न्हाईत आजून, खोटं कशाला बोलू. पर शेजारची खोली घेतलीया घिरटाला. अरब म्हातारा आता फळीवर बसत न्हाई, घिरटापाशी बसतो. म्हणतो, लई चांगला आवाज हाय. आन् शेरडं दारातनं हलत न्हाईत. वैनी त्यास्नी माणसावानी रागं भरत्यात. शब्द आईकलं का आमा खलाशांस्नी मुळशीच्या बाजारात उभं ऱ्हाल्यागत वाटतं."

"माजं शब्द त्ये," तुळजाबाई म्हणाल्या. "फुकट न्हेलेत तिनं."

हैबतरावानं हलकेच विचारलं, की कोंड्याला भाव काय येतो. गेणबा म्हणाला, रांग लागते. हैबतराव उठून कणगीकडं गेला आणि तिच्यावर हात ठेवून उभा राहिला. यंदा किती पोती निघतील, ते मनात मोजत असावा.

सगुणानं पान वाढलं. भातात निम्म्या कण्या होत्या, पण वाफ वर आली आणि गेणबानं मान पुढं करून जोरात श्वास घेतला. डोळे मिटले.

"आहा!" तो म्हणाला. "अगदी एडनच्या दुकानातल्यावानी वास हाय!"

सगुणाचा हात थांबला. हैबतरावानं कणगीपाशी मागं वळून आईकडं बघितलं.

"कुनावानी?" तुळजाबाई उसळल्या. "अरं गाढवा, तितल्यावानी हितं म्हनतोस? हितल्यावानी तितं हाय, आसं म्हण! ज्या पानावर बसलायस त्याची तरी आब राख!"

गेणबा ओशाळून म्हणाला, "चुकलं, मावशी. हितल्यावानी तितं."

"आता कसं! वाढ गं त्याला आनखी," त्या सगुणाला म्हणाल्या. "आन् वर तूप घाल. घाटापल्याड जायचंय त्याला."

मग त्या भिंतीला टेकून बसल्या, करंडीतला एक खजूर उचलला, आणि गेणबा भात संपवेपर्यंत त्याच्या पानाकडं बघत सावकाश चघळत राहिल्या.